राक्षस रबराचा बरा की संगणकाचा?

जुनी रीळ (धागाकर्ता)

मंडळी, वाद जुनाच आहे, पण इथे त्यावर स्वतंत्र धागा दिसला नाही म्हणून काढतोय.

'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) मधला माणसाचा लांडगा होतो तो प्रसंग पुन्हा बघितला. अंधार नाही, धुकं नाही, विजांचा कडकडाट नाही. दिवे लागलेली साधी बैठकीची खोली, आणि त्या लख्ख उजेडात माणसाचा तळहात ताणला जात जात पंजा होतो. रिक बेकरनं हे सगळं फोम, रबर आणि आतून ढकलणाऱ्या यंत्रांवर निभावलं. अंगावर केस उगवतात तो शॉट तर उलटा घेतलेला आहे. खोट्या कातडीतून केस मागच्या बाजूनं आत ओढले आणि फिल्म उलटी चालवली. ऑस्करचं मेकअपसाठीचं नियमित पारितोषिक त्या वर्षीच्या चित्रपटांपासून सुरू झालं आणि पहिलं त्यालाच मिळालं.

आता 'द वुल्फमॅन' (२०१०) घ्या. मेकअप पुन्हा बेकरचाच, आणि त्याबद्दल पुन्हा ऑस्कर. पण माणसाचा लांडगा होण्याचा मुख्य प्रसंग संगणकाकडे दिला गेला. मधे जवळजवळ तीस वर्षं गेली, तंत्र कुठल्या कुठे गेलं, पैसा ओतला गेला. तरी डोळे मिटले की मला आठवतो तो १९८१ चाच हात.

हे असं का होतं? जे खरंच कॅमेऱ्यासमोर असतं त्यात असं काय असतं, जे नंतर चिकटवलेल्यात येत नाही? फँटसी चित्रपटांपुरतं बोलू. कपडेपट पण धरा, त्याला नेहमी सावत्र वागणूक मिळते. आणि 'जुनं ते सोनं' एवढंच लिहायचं असेल तर कृपया टंकायचे कष्ट घेऊ नका.

---

मिष्किल मासा

जुनं ते सोनं.

(पळा!)

---

तर्कटराव

जुन्या रीळसाहेब, तुम्ही १९८१ मधलं सर्वोत्तम काम काढलंत आणि ते २०१० च्या मधल्या फळीतल्या कामाशी लढवलंत. असं करून काहीही सिद्ध करता येतं. त्या काळात मागे चेन दिसणारे झिपाळ राक्षस, तोंड न हलणारे मुखवटे आणि दोरीवर लोंबकळणारे वटवाघूळछाप प्राणी गाडीभर होते. ते कुणी आठवत नाही कारण ते सिनेमे कुणी बघत नाही. काळ गाळणी लावतो. संगणकाचं काम अजून त्या गाळणीतून जायचं आहे.

दुसरं, रबर-रंगाच्या या रम्य काळात नटांचे काय हाल होत ते बघा. 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) मधला पत्र्याचा माणूस आधी बडी एबसन करणार होता. तोंडावर ॲल्युमिनियमची भुकटी फासायचे. ती श्वासातून आत गेली आणि गडी थेट इस्पितळात. त्याच्या जागी जॅक हेलीला घेतलं आणि भुकटीऐवजी लेप लावायला सुरुवात केली. त्याच सिनेमात चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टनच्या हिरव्या रंगात तांबं होतं. आगीच्या शॉटमध्ये तिचा चेहरा आणि हात भाजले. ठिपके लावलेला घट्ट सूट घालून मोकॅपच्या (नटाच्या हालचाली संगणकात टिपायच्या) खोलीत उड्या मारणं यापेक्षा लाख पटीनं बरं.

---

चौकट२४

मी कॉम्पोझिटिंगमध्ये (चित्रित आणि संगणकी तुकडे एका फ्रेममध्ये जुळवणं) काम करतो, त्यामुळे माझा स्वार्थ आधीच जाहीर करतो. :)

धागाकर्त्याच्या प्रश्नातच एक खोट आहे. 'नंतर चिकटवलेलं' ओळखू येतं असं तुम्ही म्हणता, पण ओळखू येतं तेवढंच तुम्ही मोजता. बाकीचं तुमच्या डोळ्यांसमोरून गेलं तरी तुम्ही ते 'खऱ्या' खात्यात जमा करून मोकळे होता.

उदाहरण देतो. रबरप्रेमी मंडळी ज्याची पूजा करतात तो 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६) मधला फॉन, शिंगांचा, बोकडाच्या पायांचा. आत डग जोन्स. मेकअपला रोज पाचेक तास. मेकअपचं ऑस्कर मिळालं, आणि रास्तच मिळालं. पण त्या पायांकडे बघा. गुडघ्याखाली पाय मागे मुडपतो, माणसाचा पाय तसा मुडपत नाही. जोन्सच्या पायांना खोटे पाय जोडले होते. त्याचे स्वतःचे पाय हिरव्या आवरणात होते आणि नंतर फ्रेममागून फ्रेम पुसून काढले. म्हणजे तो प्राणी निम्मा कारखान्यात झाला आणि उरलेला संगणकापुढे बसलेल्या कुणा अनामिकानं पूर्ण केला. हे पुसणं म्हणजे नुसतं खोडरबर चालवणं नव्हे. पाय पुसला की त्यामागे जी जमीन, जे दगड, ज्या सावल्या असायला हव्यात त्या नव्यानं भराव्या लागतात. नीट झालं तर कुणाला काही कळत नाही, आणि आमचा पगार त्याचाच असतो.

---

रंगपेटी

अरे वा, धागा आवडला. मी प्रोस्थेटिक मेकअप (नटाच्या अंगावर खोटे तुकडे चिकटवून केलेला) करते, त्यामुळे इथे दोन्ही पक्षांचे वकील हजर झालेत म्हणायचं.

चौकट२४, फॉनबद्दल अगदी बरोबर. पण 'निम्मा' म्हणालात तिथे मी तलवार उपसणार. :) त्याच सिनेमातला तो फिकट, डोळे तळहातावर असलेला पेल मॅन आठवा. तोही डग जोन्सच. त्याला दिसायचं ते मुखवट्याच्या नाकपुड्यांच्या भोकांतून. ते जे चाचपडत, अडखळत चालणं आहे ना, त्यात थोडा अभिनय आहे आणि थोडी खरोखरची आंधळेपणाची अडचण आहे. हे दोन वेगळे काढता येत नाहीत, आणि मला वाटतं मूळ प्रश्नाचं एक उत्तर तिथे आहे.

आता जरा कामाचं सांगते, कारण 'रबर' हा शब्द सगळे सरसकट वापरताहेत.

पूर्वी बहुतेक काम फोम लॅटेक्सचं. ते फेटायचं, साच्यात ओतायचं, भट्टीत भाजायचं. हलकं असतं, चेहऱ्याबरोबर छान हलतं. पण ते अपारदर्शक. खऱ्या कातडीत प्रकाश थोडा आत शिरतो, आतल्या आत पसरतो आणि लालसर होऊन बाहेर येतो. कानामागे दिवा धरला की दिसतं ते. फोममध्ये हे होत नाही. प्रकाश वरच अडतो, मग रंगावर रंग चढवून ती खोली उभी करावी लागते. लांबून चालतं, जवळून मेल्यासारखं दिसतं. म्हणून मग सिलिकोन आलं. त्यात प्रकाश शिरतो, रंग आतच कालवता येतो. पण ते जड, आणि त्याखाली घामाला वाट नाही. जिलेटिनही दिसायला सुंदर, पण दिव्यांच्या उष्णतेत ओघळायला लागतं.

आणि सगळा जीव असतो तो कडांमध्ये. तुकड्याची कड कागदाहून पातळ हवी, ती कातडीत विरघळली पाहिजे. एकदा काढताना ती फाटतेच, म्हणून चेहऱ्यावरचा तुकडा दुसऱ्या दिवशी चालत नाही. चित्रीकरणाचे जितके दिवस, तितके नवे संच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिन्ही भागांसाठी हॉबिट या छोटेखानी माणसांच्या केसाळ पायांच्या अठराशेच्या आसपास जोड्या कराव्या लागल्या त्या यामुळेच. आणि त्यावरचे केस माणसं बसवतात, यंत्र नाही.

---

चौकट२४

> खऱ्या कातडीत प्रकाश थोडा आत शिरतो, आतल्या आत पसरतो

रंगपेटीताई, दंडवत घ्या. तुम्ही आमचाच धडा वाचून दाखवलात.

आमच्याकडे याला सबसर्फेस स्कॅटरिंग म्हणतात. २००२ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला संगणकी प्राणी गॉलम पडद्यावर आला तेव्हा तो मेणाचा किंवा प्लास्टिकचा वाटला नाही याचं मोठं कारण हेच. प्रकाश कातडीत शिरून बाहेर येतो त्याचा हिशेब पडद्यावरच्या पात्रासाठी परवडेल अशा रीतीनं मांडला गेला, आणि तो मांडणाऱ्यांना पुढे अकादमीचं तांत्रिक पारितोषिकही मिळालं. तुम्ही फोमकडून सिलिकोनकडे गेलात आणि आम्ही नुसत्या पृष्ठभागाकडून आतल्या थरांकडे गेलो. अडचण एकच होती.

म्हणून मला हा 'रबर विरुद्ध संगणक' सामना मुळातच खोटा वाटतो.

---

मिष्किल मासा

कानामागे मोबाईलचा टॉर्च धरून बघितला. खरंच लाल दिसतं. घरचे विचारताहेत काय चाललंय.

---

तिसरी घंटा

मी नाटकवाली, त्यामुळे मला तंत्र कमी कळतं पण कपड्यांबद्दल राहवत नाही.

नट कपडे घालतो तेव्हा आधी त्याचं अंग बदलतं, मग डोकं. खांद्यावर वजन आलं की मान वेगळी राहते, टाच उंच झाली की आवाजसुद्धा वेगळ्या जागेवरून येतो. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) च्या वेळची गोष्ट त्यातल्या नटांनीच सांगितली आहे. जेवणाच्या सुट्टीत, मुखवटे चढवलेले असताना, गोरिला गोरिलांबरोबर बसायचे, चिंपांझी चिंपांझींबरोबर आणि ओरांगउटान आपले वेगळे. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप कळप पडले. जॉन चेंबर्सला त्या मेकअपसाठी मानद ऑस्कर दिलं गेलं, तेव्हा नियमित पारितोषिक नव्हतंच.

याच्या उलट टोक म्हणजे 'द हॉबिट'च्या वेळचे इयन मॅकेलन. त्यांचा जादूगार गँडाल्फ उंच, बुटके लोक बुटके, आणि थ्रीडीमुळे जुन्या सिनेमातली जवळ-लांब उभं करून फसवायची युक्ती चालेना. मग त्यांना हिरव्या खोलीत एकट्याला उभं केलं, समोर सहकलाकारांऐवजी त्यांचे फोटो लावलेले खांब. एवढा मुरलेला रंगकर्मी, पण सेटवर रडू कोसळलं त्यांना. ते चित्रीकरणाच्या पडद्यामागच्या फितींमध्येच आहे. आता सांगा, प्रश्न पडद्यावर काय दिसतं एवढाच आहे का?

कपडेपटाबद्दल एक सुंदर उदाहरण कपोलांच्या 'ड्रॅक्युला'चं (१९९२). दिग्दर्शकानं ठरवलं की भव्य सेटपेक्षा कपडेच डोळ्यांत भरले पाहिजेत, आणि ते काम एइको इशिओका या जपानी कलावतीला दिलं. तो लाल चिलखती पोशाख बघा, सोललेल्या स्नायूंसारखा. त्यात माणूस आहे की माणसाचं आतलं बाहेर आलंय हे कळत नाही. ऑस्कर मिळालं त्यांना. त्याच सिनेमात कपोलांनी स्पेशल इफेक्टची मंडळी बाजूला केली आणि मुलाला, रोमनला, हाताशी धरून आरसे, दुहेरी छपाई, उलटी फिल्म असल्या सिनेमाच्या बाल्यावस्थेतल्या युक्त्यांवर सगळं केलं.

---

तर्कटराव

> आता सांगा, प्रश्न पडद्यावर काय दिसतं एवढाच आहे का?

हो. मी तिकीट काढतो ते पडद्यावर काय दिसतं त्यासाठीच. नट सुखी होता की दुःखी हे मला कशाला कळायला हवं? डग जोन्सला नाकपुडीतून बघावं लागलं तर ती कला, आणि मॅकेलनना खांबाकडे बघावं लागलं तर तो अन्याय, असं कसं चालेल?

शिवाय 'वॉर फॉर द प्लॅनेट ऑफ द एप्स' (२०१७) बघा. त्यातला वानरांचा म्होरक्या सीझर नखशिखांत संगणकी आहे आणि ते काम करणाऱ्या अँडी सर्किसच्या चेहऱ्यावरचा थकवा त्यात जसाच्या तसा आहे. १९६८ चे मुखवटे प्रेमानं बघावे लागतात. सीझर बघताना प्रेम करायची सक्ती नाही.

---

तिसरी घंटा

तर्कटराव, मॅकेलनना त्रास झाला म्हणून अन्याय, असं मी म्हटलेलं नाही. पेल मॅनची अडचण पात्राची होती, आंधळं पात्र आणि आंधळा नट. गँडाल्फची अडचण पात्राची नव्हती. गँडाल्फ गप्पा मारत बसलाय, आणि नटासमोर गप्पा मारायला कुणी नाही. हा फरक पडद्यावरही दिसतो, तुम्हाला दिसत नसेल तर तिकिटाचे पैसे परत मागा.

---

रंगपेटी

सीझर मलाही आवडतो, पण तो फुकट झालेला नाही. सर्किस इतर नटांसमोर प्रत्यक्ष उभा होता, बाहेर, पावसा-बर्फात. फोटोच्या खांबाशी बोलत नव्हता. आणि सर्किसनं या प्रकाराला 'डिजिटल मेकअप' म्हटलं तेव्हा ॲनिमेटर मंडळी चिडली होती, तेही ठीकच. पहिल्या गॉलमचा (तोही सर्किसच) चेहरा तर ॲनिमेटरांनी सर्किसचे व्हिडिओ समोर ठेवून हातानं हलवलेला होता. माझ्या मेकअपखालचा नट स्वतःचे गाल स्वतः हलवतो, मी शॉट सुरू असताना त्याच्या भुवया उचलायला जात नाही.

अवांतर: 'हॉबिट'मधल्या बुटक्यांना रंगवताना वेगळाच घोळ होता. नवे डिजिटल कॅमेरे कातडीतला लाल रंग खात होते, म्हणून चेहरे नेहमीपेक्षा लाल रंगवावे लागले. सेटवर सगळे उन्हात भाजल्यासारखे, मॉनिटरवर व्यवस्थित. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चित्रीकरण-डायरीत आहे हे. डोळ्यांना दिसतं तसं रंगवायचं नसतं, कॅमेऱ्याला दिसतं तसं रंगवायचं असतं.

---

नवी पाटी

हे सगळं एआय आल्यावर संपणारच ना? मग वाद कशाला?

---

धागारक्षक

एआयवर आधीचे धागे आहेत, तिथे लिहा. इथले त्या विषयाचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

---

जुनी रीळ

मजा येतेय. पण चौकट२४ म्हणतात तसा सामना खोटा असेल तर मग एक सांगा. त्याच दिग्दर्शकानं, त्याच कार्यशाळेनं, त्याच देशात दोनदा त्याच दुनियेचे सिनेमे केले. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले ऑर्क, ते राक्षसी सैनिक, बघताना घाण वास येतो. 'हॉबिट'मधला ऑर्कांचा म्होरक्या अझोग, पांढरा, चकचकीत, खर्चिक, आणि माझ्या मनावर एक ओरखडा नाही. तंत्र दहा वर्षांनी पुढे गेलेलं असताना हे कसं?

---

चौकट२४

याचं उत्तर तंत्रात नाही, वेळापत्रकात आहे. जरा लांबण लागेल.

अझोग आधी मेकअप-पोशाखातच केलेला होता. उशिरा मत बदललं आणि नवा अझोग संगणकात, नव्या नटाच्या हालचालींवर उभा केला. म्हणजे प्रसंग एका प्राण्यासाठी लिहिला, चित्रित झाला, आणि दाखवला दुसराच प्राणी. उंची वेगळी, नजर वेगळी, वजन वेगळं.

मेकअपवाल्यांचा सगळ्यात मोठा गुण मला विचाराल तर तो पोत-बीत नाही. त्यांना सहा महिने आधी उत्तर द्यावं लागतं. राक्षसाला शिंगं किती, डोळे कुठे, तोंड उघडतं की नाही, हे साचा ओतायच्या आधी दिग्दर्शकाला ठरवावं लागतं. एकदा साचा झाला की माघार नाही. मग कॅमेरामन त्या शिंगांसाठी दिवा लावतो, नट त्या डोळ्यांकडे बघतो, संकलक त्या तोंडाच्या हिशेबानं कापतो. सगळा सिनेमा त्या एका ठरलेल्या प्राण्याभोवती जमतो.

आमच्याकडे 'नंतर बघू' म्हणता येतं. हेच आमचं सामर्थ्य आणि हाच आमचा शाप. 'ॲव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) मधले ते कालप्रवासाचे पांढरे सूट आठवतात? एकही खरा शिवलेला नाही, सगळे संगणकी. कारण चित्रीकरण सुरू झालं तेव्हा सूट कसा दिसणार हेच ठरलेलं नव्हतं. त्यांच्याकडे वेळ, पैसा आणि उत्तम माणसं होती म्हणून निभावलं. 'ग्रीन लँटर्न'ला (२०११) तसाच संगणकी पोशाख दिला आणि त्याची थट्टा आजतागायत चालू आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, सिनेमाचं आणि स्टुडिओचं नाव घेणार नाही. एका पंखवाल्या प्राण्याचे शॉट मंजूर होऊन अंतिम टप्प्यात होते. प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना वरून निरोप आला की पंख नकोत, शेपूट हवी. आता पंखांची सावली नटांच्या चेहऱ्यावर पडेल म्हणून आम्ही सेटवरच्या प्रकाशाशी जुळवलेली. पंखांचा वारा म्हणून नायिकेचे केस उडताहेत, ते तर खरे उडताहेत, सेटवर पंखा लावला होता. पंख गेले, वारा राहिला. पडद्यावर तिचे केस विनाकारण उडताना दिसतात आणि समीक्षक लिहितात, 'सीजी (संगणकी चित्रं) विश्वासार्ह नाही'. बरोबरच लिहितात. फक्त संगणकानं काय चुकवलं ते मला कुणी सांगावं.

'कॅट्स'चं (२०१९) तेच. सिनेमा थिएटरांत लागल्यावर सुधारलेली आवृत्ती पाठवायची वेळ आली. एका शॉटमध्ये ज्युडी डेंचचा केसाळ पंजा व्हायचा राहिला होता, साधा माणसाचा हात, बोटात अंगठीसकट. सगळे त्याला हसले. मला हसू आलं नाही, कारण तो शॉट ज्याच्या टेबलावर होता त्याची रात्र कशी गेली असेल ते मला दिसत होतं.

---

तिसरी घंटा

चौकट२४, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. 'पंख गेले, वारा राहिला' हे तर नाटकाचं नाव आहे.

तुमच्या मुद्द्याला पुष्टी म्हणून: 'द मँडलोरियन' मालिकेतल्या त्या हिरव्या बाळाची कळसूत्री बाहुली सेटवर होती. खबरदारी म्हणून बाहुली बाजूला काढून रिकामा शॉटही घेऊन ठेवू, म्हणजे जमलं नाही तर नंतर संगणकात बाळ टाकता येईल, असं ठरत होतं. तेव्हा नट म्हणून तिथे आलेले दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग भडकले आणि त्यांनी सगळ्यांना भित्रे म्हटलं.

---

तर्कटराव

हेर्झोग साहेबांच्या धाडसाचं बिल दुसऱ्याच्या खिशातून जात होतं हे लक्षात घ्या. रिकामा शॉट घेऊन ठेवणं हा शहाणपणा आहे.

पण चौकट२४ यांचा मूळ मुद्दा मला अर्धाच पटतो. उशिरा मत बदलल्यामुळे मेकअपही वाया जातो की. 'द थिंग'चा २०११ चा भाग घ्या (भयपट आहे, पण शेजारचाच). त्यात प्रत्यक्ष यांत्रिक प्राणी बनवले, चित्रित केले, आणि नंतर त्यावर संगणकी थर चढवून ते झाकून टाकले. आधी ठरवूनही शेवटी पडद्यावर काय आलं? म्हणजे साचा ओतला की माघार नाही, हे खरं नाही. पैसेवाल्याला कायम माघार घेता येते.

---

रंगपेटी

तर्कटराव, तो घाव ताजा आहे, मीठ चोळू नका. ते प्राणी बनवणाऱ्या कार्यशाळेनं नंतर आपल्या चाचण्यांच्या फिती लोकांसमोर ठेवल्या. त्या बघून लोकांनी इतकी हळहळ व्यक्त केली की त्यातल्या एकानं लोकवर्गणीतून स्वतःचा राक्षसपट काढला. (तो सिनेमा म्हणून यथातथाच. राक्षस मात्र झकास.)

रिक बेकरनंही २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर करताना साधारण हेच सांगितलं होतं, की आता लोकांना स्वस्त आणि झटपट हवंय आणि मला ते करायचं नाही.

---

चौकट२४

ताई, स्वस्त आणि झटपट आमच्याकडूनही हवंच असतं. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ करणारी ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनी फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. समारंभाच्या बाहेर आमच्या धंद्यातली शेकडो माणसं निदर्शनं करत होती आणि आत, पारितोषिक घेणारा कंपनीच्या अडचणीबद्दल बोलायला लागला तर 'जॉज'चं संगीत वाजवून त्याला गप्प केलं.

आणि आता नवी फॅशन निघाली आहे, 'आमच्या सिनेमात सीजी नाही' असं जाहिरातीत ओरडून सांगायची. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'चं (२०१५) नाव या संदर्भात लोक नेहमी घेतात. गाड्या खऱ्या, उड्या खऱ्या, मान्य. पण इफेक्टचे शॉट दोन हजारांच्या आसपास आहेत. दोऱ्या पुसल्या, आकाश बदललं, नायिकेचा हात कोपराखाली काढून टाकला.

---

प्राचीन प्रेक्षक

वाचतोय केव्हाचा. आपल्या दादासाहेब फाळक्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं नवल वाटलं.

'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. सिनेमा सुरू होतो तोच मुळी या मुलीच्या हावभावांच्या दर्शनानं. साध्या वेशातली लहान पोर, कॅमेऱ्याकडे बघत चेहरे करते. आणि मग डोळ्यांदेखत ती विरत विरत कृष्ण होते. म्हणजे फाळक्यांनी पत्ते आधीच उघडे टाकले. ही माझी मुलगी, हा मेकअप, आता बघा. आणि लोकांनी बघितलं. पुढे तो कालियाही बनवलेलाच आहे हे पहिल्याच झटक्यात कळतं.

त्यामुळे 'खरं वाटलं पाहिजे' हे तुम्ही सगळे गृहीत धरून चाललाय, तेच मला तपासून बघावंसं वाटतं. फँटसीत राक्षस खरा वाटायला नको असतो. राक्षस कुणी खरा पाहिलाय? तो त्या गोष्टीत शोभला पाहिजे.

---

जुनी रीळ

प्राचीन प्रेक्षक, क्या बात! हे मनात होतं पण सापडत नव्हतं.

यावरून 'तुंबाड'मधली (२०१८) ती साखळदंडांनी बांधलेली आजी. मेकअपच्या त्या थरांखाली मोहम्मद समद हा पोरसवदा नट आहे, पुढे नायकाचा मुलगा पांडुरंग झालाय तोच. कळल्यावर पुन्हा बघितला, भीती काडीनं कमी झाली नाही.

---

मिष्किल मासा

काय सांगता!! तो मुलगा??

आता परत बघणे आले. दिवसा.

---

तर्कटराव

> राक्षस कुणी खरा पाहिलाय?

टाळ्या घेणारं वाक्य आहे, पण अडचण राक्षस खरा न वाटण्याची नसतेच. अडचण होते ती तो जिथे उभा आहे ती जमीन खरी असते म्हणून. फाळक्यांचा कालिया आणि फाळक्यांचं पाणी एकाच जगातले होते. आज चिखल खरा, नट खरा, पाऊस खरा, आणि मधे एक प्राणी असा, ज्याच्या पायाखालचा चिखल दबत नाही. तिथे डोळा अडतो.

---

चौकट२४

तर्कटराव, चक्क सहमत. (तारीख नोंदवून ठेवा.)

म्हणून सेटवर प्रत्येक मांडणीनंतर आमचं माणूस एक राखाडी आणि एक चकचकीत गोळा घेऊन कॅमेऱ्यासमोर उभं राहतं. राखाडीवर उजेड-सावलीची धार दिसते आणि चकचकीत गोळ्यात दिवे कुठे कुठे आहेत त्याचं प्रतिबिंब मिळतं. अर्धा मिनिट लागतो. आणि दर वेळी साहाय्यक दिग्दर्शक ओरडतो, 'चला, चला, वेळ नाही.' तो अर्धा मिनिट मिळाला नाही की पुढे कुणीतरी महिनाभर अंदाजपंचे दिवे लावत बसतं. चिखलाचंही तसंच. कुणीतरी पोत्यात वाळू भरून त्या जागी आदळली असती तरी खरा चिखल दबला असता, आम्ही वरून पाय ठेवला असता.

---

रंगपेटी

वाळूच्या पोत्यावरून आठवलं. दोन्हींची गाठ उत्तम जमलेला सिनेमा मला विचाराल तर 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (२००९). ते अजस्र केसाळ प्राणी जिम हेन्सनच्या कार्यशाळेनं शिवलेले पोशाख आहेत, आत माणसं आहेत. खऱ्या वाळूत, खऱ्या उन्हात ती पळतात, एकमेकांवर पडतात, मुलाला उचलतात. चेहरेही यंत्रावर हलवायचे ठरलं होतं, पण डोकी इतकी जड झाली की आतल्या माणसाला तोल सावरेना. मग यंत्रं काढून टाकली आणि फक्त चेहऱ्याच्या हालचाली संगणकात केल्या. त्यामुळे अंगाला वजन आहे, आणि ओठ थरथरतात तेही बारीक. मूल त्या अंगाला बिलगतं तेव्हा केसांत त्याची बोटं रुततात, ती खरीच रुतलेली आहेत.

---

तर्कटराव

मग त्या सिनेमाला पारितोषिक द्यायचं तर कुठल्या खात्यात? मेकअप, कपडेपट की इफेक्ट?

---

तिसरी घंटा

त्या जड डोक्यात शिरून उन्हात वाळूवर पळणाऱ्या माणसांना द्या. त्यांची नावं इथे एकालाही सांगता आली नाहीत, मलाही नाही.